खड्डा एकाचा, सल्ला पेठेचा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माणसं जमवायची असतील तर भोंगा लागत नाही आणि पत्रकं वाटावी लागत नाहीत. एक पहार घ्यायची आणि रस्त्याच्या कडेला जमिनीवर हाणायची. पहिल्या ठोक्याला समोरच्या कट्ट्यावरचा उठतो, दुसऱ्याला पानपट्टीवरचा वळतो आणि तिसऱ्याला वरच्या गॅलरीतून विचारणा होते, "काय, पाइपलाइन फुटली व्हय?" पाइपलाइन नाही, डांब रोवायचाय, असं सांगितल्यावर तो निराश होऊन आत जाईल असं परगावच्या माणसाला वाटेल. तो चप्पल घालून खाली येतो.

डांब रोवणं हे तसं जगातलं अगदी साधं काम. एक खड्डा, एक खांब आणि त्याच खड्ड्यातली माती परत त्याच खड्ड्यात. याच्यात मत असायला जागा कुठं आहे? पण पेठेत जागेची टंचाई घरांना आहे, मतांना नाही. त्यात इथली घरं रस्त्याला चिकटून. उंबरा ओलांडला की महानगरपालिका सुरू. अंगण नाही, मग कुंपण कशाचं घालणार? तरी डांबाची निमित्तं थांबत नाहीत. दारात दुसऱ्याची गाडी लागू नये म्हणून डांब. कोपऱ्यावरच्या रोपाला शेळी लागू नये म्हणून चार डांब. मंडळाच्या फलकाला दोन, कॅमेऱ्याला एक. आणि यातला कुठलाही एक रोवायचा म्हटला तरी सल्लागार मात्र तेवढेच जमतात.

या सल्लागारांच्या जाती ठरलेल्या आहेत. पहिला खोलीवाला. तो आल्या आल्या खड्ड्यात डोकावतो आणि म्हणतो, "एवढाच?" खड्डा किती का खोल असेना, त्याचा प्रश्न हाच. दुसरा सिमेंटवाला. त्याच्या मते जगातल्या सगळ्या अडचणींवर एकच उपाय, "दोन पाट्या माल जास्त वता." तिसरा पूर्वीवाला. "आमच्या वेळी डांब एकदा घातला की घातला. आजोबा गेलं, डांब हाय." चौथा बुलेटवरून येतो, बुलेट चालूच ठेवतो, एक पाय जमिनीला टेकून सगळं ऐकून घेतो आणि जाताना एवढंच म्हणतो, "वाकडा हाय, भावा." डांब अजून हातगाडीवर आडवा असतो.

आणि पाचवा असतो काम करणारा गवंडीमामा. त्याला मत असतं, पण त्याला कुणी विचारत नाही.

मामाचा पहिला प्रश्न खरं तर सगळ्यात महत्त्वाचा. तो खड्ड्याकडं न बघता जमिनीकडं बघतो आणि विचारतो, "खाली काय हाय?" कोल्हापुरात हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. हे एके काळचं तळ्यांचं गाव. पुढं गावाला जागा कमी पडली आणि गावानं तळी बुजवली. कपिलतीर्थाची भाजी मंडई झाली. रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आलं. पद्माळ्याचं मैदान झालं. आणि आमच्या पेठेच्या कुशीतलं वरुणतीर्थ बुजून त्याचं गांधी मैदान झालं. कागदोपत्री हा बदल कधीच पूर्ण झाला. पाण्याला मात्र अजून कुणी नोटीस दिलेली दिसत नाही, कारण जोराचा पाऊस झाला की ते आपल्या जुन्या पत्त्यावर हजर होतं आणि मैदानाचं परत तळं होतं.

मुद्दा असा, की अशा भरावाच्या जमिनीत डांब रोवायचा म्हणजे कुणी कधी काय टाकून बुजवलंय ते आधी समजून घ्यायचं. पहार घातली की दोन फुटांवर खापर, मग राख, मग विटेचे तुकडे, मग एखाद्या घराचं जुनं जोतं. भराव कधी एकसारखा बसत नाही. एका बाजूला बसतो, दुसऱ्या बाजूला बसायचं राहून जातं, आणि डांब पहिल्या पावसात त्या बसलेल्या बाजूला कलतो. याच्या उलट रंकाळ्याच्या अंगाला गेलात तर खाली काळा पाषाण. रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती असं सांगतात, आणि पहार हातात घेतलेल्या माणसाला ते पटायला पुरावा लागत नाही. खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या की इतिहास पटतो. म्हणून मामाच्या हिशेबात जमिनीची दोन टोकं. एक, जिथून पहार परत येते. दोन, जिथून येत नाही.

मधला प्रकार म्हणजे मुरूम, आणि मुरूम लागला की मामाचा चेहरा खुलतो. मुरूम म्हणजे झिजत आलेला खडक. पाणी धरून ठेवत नाही, चोपला की घट्ट बसतो. काळी माती मात्र फसवी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. जूनमध्ये डांबाला मिठी मारणारी ही माती मे महिन्यात त्याच्यापासून बोटभर लांब उभी असते. काळ्या मातीत डांब घालायचा तर खड्डा जरा मोठा घ्यावा, काढलेली काळी माती बाजूला सारावी आणि भोवती मुरूमच भरावा, हे मामा सांगतो. पण तोपर्यंत सिमेंटवाल्यानं पोतं फोडलेलं असतं.

आता खोली. याबाबत शास्त्र आणि व्यवहार यांचं जुनं वैर आहे. शास्त्र म्हणतं, डांबाच्या एकूण लांबीचा तिसरा हिस्सा, निदान चौथा तरी, जमिनीत हवा. म्हणजे नऊ फुटांचा डांब आणला तर तीन फूट खाली, सहा वर. आणि खड्ड्याची रुंदी डांबाच्या जाडीच्या तिप्पट, म्हणजे भोवतीनं चोपायला जागा राहते. हे सगळं ऐकून घेऊन मालक एकच प्रश्न विचारतो, "म्हंजे तीन फूट दिसणारच न्हाई?" पैसे नऊ फुटांचे दिलेत. त्यातले तीन फूट कायमचे मातीत घालायचे ही कल्पना त्याला सहन होत नाही. मग तडजोड होते. शास्त्राचा मान राखून दीड फूट, मालकाचा मान राखून साडेसात. हा साडेसात फुटांचा मान पुढं वाऱ्यात डोलायला लागतो.

अशा वेळी सल्लागारांपैकी कुणीतरी दिल्लीचा लोहस्तंभ काढतोच. कुतुबमिनारापाशी तो उभा आहे. लांबी सात मीटरच्या वर, जमिनीत जेमतेम एक मीटर, वय दीड हजार वर्षांहून जास्त. "त्यो पडला का?" असा सवाल टाकून सल्लागार सभेकडं बघतो. सभा गप्प. आता त्या स्तंभाचं वजन सहा टनांच्या वर आहे आणि त्याचा बुंधा खाली फुगीर करून नीट बसवलाय, हे सांगायला गेलं तर चर्चा थांबते आणि चर्चा थांबलेली कुणालाच नको असते. मला या स्तंभाची वेगळीच गोष्ट आवडते. पाठ लावून उभं राहायचं आणि उलटे हात करून त्याला कवेत घेतलं की नशीब फळफळतं, असा समज होता. लाखो लोकांनी कवेत घेऊन घेऊन तो घासला. शेवटी १९९७ साली त्याच्याभोवती कुंपण घालावं लागलं. दीड हजार वर्षांचं ऊन, पाऊस आणि आक्रमणं त्यानं पचवली. फक्त माणसांचं प्रेम झेपेना. म्हणून एका खांबाला वाचवायला भोवतीनं आणखी खांब रोवले.

खोलीचा वाद मिटला की सिमेंटचा सुरू होतो. सिमेंट हा पेठेचा वीक पॉइंट आहे. सिमेंट घातलं की माणसाला आपण कायमस्वरूपी काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. वास्तविक डांब उभा राहतो तो चोपण्यानं. हे चोपणं एकदा जवळून बघण्यासारखं असतं. मामा आधी खड्ड्याच्या तळाला वीतभर खडी टाकतो, पाणी खाली जिरावं म्हणून. मग डांब उभा करतो आणि माती टाकतो ती चार-सहा बोटं, जास्त नाही. माती ओलसर हवी. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. मग धुमस. धुमस नसेल तर पहारेचा बोथट शेंडा. डांबाभोवती गोल फिरत, एकाच बाजूला दोनदा न मारता, ठोक-ठोक. सुरुवातीला आवाज येतो 'धब्ब'. मामा मान हलवतो, मारत राहतो. हळूहळू आवाज घट्ट होत जातो आणि एका क्षणी 'टण्' येतो. मग पुढचा थर. असा थरावर थर. सगळी माती चोपून झाली आणि खड्ड्याबाहेर ढीग उरला नाही, तर काम फत्ते. काढलेली माती, आत डांब घुसूनसुद्धा, सगळी परत आत मावली पाहिजे. ढीग उरला म्हणजे चोपायला आळस झाला, एवढा सरळ हिशेब.

पण हे करायला तास जातो, आणि पेठेत तासभर उभं राहून बोलायला वेळ सगळ्यांना आहे, तासभर चोपायला कुणालाच नाही. म्हणून सिमेंट. सिमेंट वाईट नाही, पण त्याचेही नखरे आहेत. लाकडी डांब असेल आणि खालून-वरून काँक्रीटनं बंद केला तर आपण त्याच्यासाठी एक पेला तयार करतो. पावसाचं पाणी कडेनं आत उतरतं, बाहेर जायला वाट नाही, आणि डांब बरोबर जमिनीच्या पातळीला कुजतो. म्हणून काँक्रीट बुडाशी बंद करायचं नाही आणि वरच्या बाजूला बाहेर उतार द्यायचा, पाणी निथळून जावं म्हणून. लोखंडी अँगल असेल तर खालचं टोक फाडून फाकवायचं, किंवा आडवी सळई वेल्ड करायची, म्हणजे उपटणाऱ्याला घाम फुटतो. पेठेत उपटणारा कोण, हे विचारायचं नाही.

आणि सिमेंटचा सगळ्यात मोठा नखरा म्हणजे वेळ. काँक्रीटची ताकद मोजायची ती अठ्ठावीस दिवसांनी, असं इंजिनिअरचं शास्त्र सांगतं. निदान आठवडाभर तरी त्याला ओलं ठेवायचं, हलवायचं नाही. पेठेत माल ओतून मामा हात धुवायला वळेपर्यंत डांबाला एक स्कूटर टेकलेली असते. "दोन मिंटात आलोच" असं सांगून तिचा मालक गंगावेशीत दूध प्यायला गेलेला असतो. कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात, आणि असा ग्लास दोन मिनिटांत संपवणं हे दुधाचा अपमान समजलं जातं.

खड्डा भरून होईपर्यंत ओळंब्याची वेळ येते. ओळंबा हे फार प्रामाणिक हत्यार आहे. दोरीला लोंबणारं वजन कुणाचा वॉर्ड, कुणाची तालीम, काही बघत नाही. पण डांब ओळंब्यात बघायचा तर दोन बाजूंनी बघावा लागतो, एक समोरून आणि एक काटकोनातून. एका बाजूनं सरळ दिसणारा डांब दुसऱ्या बाजूनं सपशेल झोपलेला असू शकतो. गोची इथं होते. समोर उभे असलेले चौघं म्हणतात सरळ, बाजूला उभे असलेले चौघं म्हणतात वाकडा, आणि दोघंही खरं बोलत असतात. असे प्रसंग इतर ठिकाणीही येतात, पण तिथं ओळंबा नसल्यामुळं दोन्ही बाजू आयुष्यभर खऱ्याच राहतात. इथं मामा दोरी सोडतो, एक डोळा मिटतो, डांब बोटभर ढकलतो आणि म्हणतो, "आता बघा." आता समोरचे चौघं म्हणतात, वाकडा झाला.

पेठेत ज्यांना डांबातलं खरंच कळतं, ती माणसं या सभेत कधी दिसत नाहीत. ती तालमीत असतात. पुरलेला मल्लखांब ज्यानं बसवला त्याला सिमेंटवाल्यानं काही शिकवू नये. शिसवी किंवा सागवानी खांब, जमिनीवर साधारण साडेआठ फूट, खालचं अंग जाड, वर निमुळती मान आणि टोकाला बोंड. त्याला एरंडेल चोपडलेलं. आणि त्याच्यावर पळत येऊन उडी घेणार पंधरा वर्षांचा पोरगा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा वर आणली, तेव्हापासून या खांबाची कसोटी एकच आहे. पोरगं त्याला पायांनी विळखा घालून डोकं खाली करतं तेव्हा खांब हलता कामा नये. ओळंबा नाही, मोजपट्टी नाही. जीव टांगलेला असतो, त्यामुळं चोपताना कुणाला घाई नसते. वस्ताद खांबाच्या बुंध्याशी टाच मारून बघतात, आवाज ऐकतात आणि काही न बोलता पुढं जातात. त्या न बोलण्याला तालमीत पास होणं म्हणतात.

कोल्हापुरात खोदकामाचा सगळ्यात मोठा आदर्शही कुस्तीनंच घालून दिलाय. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेत १९१२ साली मैदान केलं ते जमिनीत बशी कोरावी तसं, भोवतीनं चढत जाणारी बैठक. हजारो माणसं कुठंही बसली तरी हौद दिसतो, मध्ये खांब म्हणून आड येत नाही. एवढा प्रचंड खड्डा आणि त्यात डांब एकसुद्धा नाही. महाराजांनी सल्लागारांचा प्रश्न मुळापासूनच सोडवला.

बाकी आम्हा सामान्यांना डांब चुकत नाहीत. विशेषतः भाद्रपदात. गणपतीच्या मंडपाची सुरुवात मुहूर्तमेढीनं होते. हा पहिला खांब बिनधास्त. त्याला हळदीकुंकू, आंब्याचा डहाळा, समोर नारळ, आणि वॉर्डातल्या जाणत्यांचे हात. त्याला ओळंबा लावायची कुणाची प्राज्ञा नाही. त्यामुळं तो ज्या कोनात रोवला जाईल त्याच कोनात पुढचा अख्खा मंडप उभा राहतो, आणि मंडपवाला दहा दिवस उरलेले खांब त्या पहिल्याच्या मर्जीत बसवत राहतो.

पूर्वी मंडपाचे खड्डे सर्रास रस्त्यात व्हायचे. विसर्जन झालं, मंडप उतरला, आणि खड्डे तसेच राहिले, की पुढं दिवाळीपर्यंत दुचाकीवाले प्रत्येक मंडळाच्या मूर्तीची आठवण काढत जायचे. मग महापालिका रस्ता खोदू नका म्हणायला लागली. पेठेनं ऐकलं, पण आपल्या पद्धतीनं. आता खांब वाळू भरलेल्या पिंपात उभे राहतात, लोखंडी चौकटीला आवळले जातात, चारी बाजूंनी तणाव्याच्या दोऱ्या. काम जाणकारीचं आहे. खोलीचं काम वजनावर आणायचं आणि ओढ चारी दिशांना वाटून द्यायची. फक्त एका गोष्टीची पंचाईत झाली. खड्डाच नाही म्हटल्यावर खोलीवाल्यानं डोकावायचं कुठं? तो आता पिंपात डोकावतो. "एवढीच वाळू?"

खरं कुंपण बघायचं तर पेठेबाहेर जावं लागतं. पेठेतल्या बऱ्याच घरांची चार-दोन गुंठ्यांपासून चार-दोन एकरांपर्यंत शेती करवीर तालुक्यात कुठंतरी असतेच. शनिवारी दुपारी फुलेवाडीच्या पुढं जाणाऱ्या मोटरसायकलवर मागं बसलेल्याच्या मांडीवर तारेचं भेंडोळं दिसलं, की समजायचं, बांधावर काहीतरी घडलंय. काटेरी तारेचं पेटंट १८७४ साली अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं घेतलं ते गुरं आवरण्यासाठी. आपल्याकडं गुरं तशी ऐकणारी आहेत. तार भाऊबंदांसाठी लागते.

शेताच्या कुंपणात सगळी मदार कोपऱ्याच्या डांबावर. मधले डांब नुसते उभे असतात, तारेला धरून. ओढ सगळी कोपऱ्याला. दोन्ही बाजूंच्या तारा त्याला आपापल्या दिशेला खेचत असतात. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावाची जी गत, तीच याची. पडला तर त्याच्यामागं सगळी रांग पडते, आणि उभा राहिला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून कोपऱ्याचा डांब जाड घ्यायचा, बाकीच्यांपेक्षा खोल रोवायचा आणि तार ज्या दिशेला ओढते त्याच दिशेनं त्याला तिरका टेकू द्यायचा. कोपऱ्याला तारा दोन, म्हणून टेकूही दोन. लोक टेकू वाचवतात. मग महिन्याभरात थोरला आत वाकतो, तारा सैल पडतात आणि शेजाऱ्याची म्हैस मधल्या डांबाशी पाठ घासत आत येते.

डांब कसा रोवायचा यापेक्षा शेतात अवघड प्रश्न असतो कुठं रोवायचा. बांध ही कोल्हापूर जिल्ह्यातली अत्यंत चपळ वस्तू आहे. दर नांगरटीला ती वीतभर सरकते, आणि नेहमी एकाच दिशेला. भूमी अभिलेखची मोजणी आणून हद्दीचे दगड घातले, तरी दगडांनाही त्याच दिशेची ओढ लागते. त्यामुळं अनुभवी शेतकरी डांब रोवायला निघताना मजुराआधी शेजाऱ्याला निरोप देतो, त्याच्या हातानं पहिला खड्डा काढून घेतो आणि वर त्याला चहा पाजतो. स्वतः काढलेला खड्डा स्वतःच नाकबूल करायला माणसाला निदान दोन वर्षं तरी लागतात.

नदीकाठच्या शेतांना २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कुंपणाचा आणखी एक धडा दिला. पुराचं पाणी तारेतून आरपार जातं, त्याची फारशी अडचण नसते. पण पाण्याबरोबर येणारा उसाचा पाला, फांद्या, प्लास्टिक हे सगळं तारेला अडकतं, बघता बघता तारेची भिंत होते, आणि मग पंचगंगा त्या भिंतीला ढकलते. तिथं डांब किती खोल होता हा प्रश्न उरत नाही, कुठल्या गावात सापडला एवढाच उरतो. आणि पश्चिमेला राधानगरीकडं सरकलं की गवा. तिथलं अभयारण्य गव्यांसाठी नावाजलेलं. पुरता वाढलेला नर टनाच्या घरात जातो. त्याला उसाचा वास आला की तो कुंपणाचं निरीक्षण करत नाही. तो चालतो. कुंपण मागाहून त्याच्याबरोबर चालायला लागतं.

अशा सगळ्या भानगडींवर जुन्या लोकांचा एक उतारा होता, पांगारा. पांगाऱ्याची मनगटाएवढी हिरवी मेढ तोडायची आणि पावसाच्या तोंडावर बांधावर रोवायची. सिमेंट नाही, खडी नाही. दोन पावसांत तिला मुळं फुटतात, वर पालवी येते. हा असा डांब, जो रोवून झाल्यावर स्वतःचा पाया स्वतः खोल करत जातो. सल्लागारांनाही त्यात वाव नसतो. आज मेढ थोडी वाकडी म्हणावी, तर पुढच्या वर्षी तिचं झाड झालेलं असतं, आणि झाडाला कोण वाकडं म्हणणार?

पेठेत पांगाऱ्याचा उपाय चालत नाही, कारण इथं डांबाचा खरा शत्रू जमिनीतला नाही, पाण्यातला नाही, तपासणारा आहे. डांब रोवून झाला की येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला धरून हलवून बघतो. पोरं बघतात, म्हातारी बघतात, बुलेटवाला परत येतो आणि न उतरता पायानं हलवून बघतो. "पक्का बसलाय की!" असं म्हणायच्या आधी एवढा हलवतात, की म्हणेपर्यंत तो ढिला होतो. मामा हे जाणून असतो. म्हणून तो काम संपवून निघताना डांबाला एक चिठ्ठी बांधतो, 'ओला रंग'. रंग लावलेला नसतो. पण पेठेत सिमेंटला कुणी भीत नसलं तरी पांढऱ्या शर्टाला सगळे जपतात. तेवढ्या चिठ्ठीवर डांबाला दोन दिवस निवांत मिळतात आणि दोन दिवसांत माल आवळतो.

तिसऱ्या दिवशी डांब सार्वजनिक होतो. पहाटे कुणीतरी त्याच्यावर फ्लेक्स बांधून जातं. दहा बाय सहाचा, वर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', मध्ये गॉगल घातलेला उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांचे पंधरा चेहरे. आता जो डांब रोपाला शेळी लागू नये म्हणून रोवला होता, तो एकदम साठ चौरस फुटांचं शीड धरून उभा राहतो. साध्या डांबाला वारा बगल देऊन जातो, पण फ्लेक्सवर तो अख्ख्या छातीनं येतो, आणि ती सगळी ओढ उंचावरून थेट बुडाशी उतरते. जेवढा फ्लेक्स वर, तेवढा बुडाला हिसका जास्त. हे गणित कुठल्याही तक्त्यात नाही, कारण तक्ता करणाऱ्यांनी पेठ बघितलेली नाही.

मामानं बघितलीय. त्यामुळं हल्ली खड्डा काढायच्या आधी तो डांबाची लांबी विचारत नाही, जाडी विचारत नाही, मातीसुद्धा बघत नाही. तो कपाळावरचा घाम पुसतो आणि विचारतो, "या महिन्यात वाढदिवस कुणाचा हाय?" नाव ऐकून घेतो, जरा विचार करतो. आणि नगरसेवकाचं निघालं तर पहार उचलून आणखी एक फूट खाली जातो.